टाक पुसल्याच्या खुणा

चष्म्याच्या दुकानात टोकन घेऊन बसलेल्या शिंपीकाकांच्या शेजारी दोन प्रौढ बहिणी बोलत होत्या.

“ताई, तू जन्मभर दप्तरखान्यात जुनी पत्रं वाचलीस. आता कॉम्प्युटर आठवड्यात चार हजार वाचतो. मग तुला कशाला बोलावतात?”

“त्याला प्रत्येक पानाच्या शेवटी एकच शब्द सापडला. सगळे चक्रावले.”

“कोणता शब्द?”

“शब्द कसला डोंबलाचा! पान संपलं की ती पत्रं लिहिणारा कारकून तिथंच शाईचा टाक पुसायचा.”

“अगंबाई!”

“आता अडलं की कॉम्प्युटर मलाच विचारतो.”

“सारखं सारखं? वैताग येत असेल.”

“छे गं! तीस वर्षांत घरात कुणी विचारलं, त्या पत्रांत काय आहे म्हणून?”

धाकटीनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

“बरं, सांग. काय आहे?”

तेवढ्यात काकांचं टोकन पुकारलं. ते मागच्याला म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं.”