चिंधीच्या घराचं तोंड

सासरे : ...आणि छताला उतार दिलाय, पाणी साठायला नको म्हणून. ही खिडकी बघा. कुत्र्याच्या घराला खिडकी पाहिलीत कधी?

तपासनीस : नाही पाहिली, काका. प्राण्यांच्या निवाऱ्यांची तपासणी करत गावभर फिरते, पण खिडकी आज पहिल्यांदाच बघतेय.

सासरे : आणि ही पाटी. 'चिंधी'. अक्षरांना डावीकडून सावली दिलीय. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली माझी. हात अजून थरथरत नाही.

तपासनीस : देखणी आहे. पण चिंधी कुठंय?

सून : ती काय, पायरीवर.

तपासनीस : उघड्यावर?

सून : रोज तिथेच असते.

सासरे : तिला तिथे आवडतं.

तपासनीस : या गारठ्यात?

सासरे : मॅडम, मला आधी सांगा, तक्रार कुणी केली? ती पलीकडची ना? दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते हिला स्वतःच्या ताटापेक्षा आधी दिसतं.

सून : बाबा, जाऊ द्या ना.

तपासनीस : नाव आम्ही सांगत नाही, काका. तक्रार एवढीच आहे की म्हातारी कुत्री बाहेर कुडकुडते. आणि मी भांडायला आलेली नाही. मला एकच कोडं पडलंय. एवढं टुमदार घर चार पावलांवर असताना ती फरशीवर का झोपते?

सासरे : तिला विचारा.

तपासनीस : विचारणारच आहे. हिचं वय काय असेल?

सासरे : माझी बायको होती तेव्हापासूनची आहे. बायकोनेच नाव ठेवलं. अंगावर ठिगळं लावल्यासारखे रंग, म्हणून चिंधी. मी इकडे मुलाकडे राहायला आलो, तेव्हा एक ट्रंक आणि ही, एवढंच घेऊन आलो.

तपासनीस : मग आधी घरात असायची?

सासरे : माझ्या खाटेखाली.

सून : माझ्या मुलीला दमा आहे, मॅडम. छकुलीला. हिवाळ्यात एकदा फारच झालं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कुत्र्याचे केस घरात नकोत.

सासरे : मग मी बरं म्हटलं आणि हे घर बांधलं. नियमात काय लिहिलंय तुमच्या? चार भिंती आहेत, छप्पर आहे. आणखी काय पाहिजे?

तपासनीस : नियमात 'पुरेसा निवारा' लिहिलंय.

सासरे : पुरेसा म्हणजे किती?

तपासनीस : तिथेच तर सगळी गोम आहे. आमचे साहेब म्हणतात, छप्पर दिसलं की 'पुरेसा' लिहायचं आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची. पण कुत्रं आत जात नसेल, तर त्याला काहीतरी कळलेलं असतं जे मला कळलेलं नसतं. ते काय, ते शोधल्याशिवाय माझा पाय निघत नाही.

सासरे : आणि नाही पुरेसा निघाला तर?

तपासनीस : आभाळ बघा. संध्याकाळपर्यंत येणार पाऊस. पुरेसा नसेल तर तिला आज बरोबर न्यावं लागेल. दुरुस्ती होईपर्यंत आमच्याकडे राहील.

सासरे : कुठे? पिंजऱ्यात?

तपासनीस : खोलीत. पण अनोळखी.

सासरे : या वयात अनोळखी जागा म्हणजे... नाही मॅडम. ती अन्न सोडेल. बायको गेली तेव्हाही सोडलं होतं.

तपासनीस : म्हणून तर म्हणते, आपण तिघं मिळून शोधू. आत हात घालू का? ...जमीन गार आहे. खाली काहीच नाही?

सासरे : खाली? मातीच आहे. सपाट करून घेतली होती.

तपासनीस : मातीची ओल वर येते. आणि छत आतून ओलं लागतंय.

सासरे : ओलं कसं असेल? अजून थेंब पडलेला नाही!

तपासनीस : पत्र्याला आतून घाम सुटतो. जमिनीची ओल वर जाते, गार पत्र्याला लागते आणि थेंब होऊन खाली पडते. ती आत झोपली, तर तिच्याच अंगावर. काका, आत माणूस मावेल का हो?

सासरे : माणूस?

तपासनीस : मीच गेले असते, पण मागच्या महिन्यात एका बोकडाची तपासणी करायला गेले आणि त्यानेच माझ्या गुडघ्याची केली. ताई, तुम्ही जाल का?

सासरे : अहो, सून आहे ती माझी! कुत्र्याच्या घरात कशी...

सून : जाते. त्यात काय? ही चप्पल धरा, बाबा.

(सून रांगत आत जाते. आता तिचा फक्त आवाज ऐकू येतो.)

तपासनीस : बसता येतंय?

सून : मांडी घालून बसलेय. डोकंसुद्धा टेकत नाहीये.

सासरे : बघा! कसं ऐसपैस आहे.

तपासनीस : काका, तिथेच बिनसलंय. कुत्र्याच्या घरात शेगडी नसते, तिच्या अंगाची ऊब हीच तिची शेगडी. एवढी जागा तापवायची म्हणजे हत्तीण हवी. उभं राहता आलं, वळून वेटोळं करून बसता आलं, की झालं.

सासरे : मला वाटलं मोठंच असावं. घराबाहेर काढलंय, तर निदान जागा तरी भरपूर द्यावी.

सून : बाबा, इथे वाचायला मिळतंय! छतावर उलटं लिहिलंय, 'छत्र्या दुरुस्त करून मिळतील.'

सासरे : छत्रीवाल्याची पाटी ती. दुकान बंद झालं तेव्हा परत आणून दिली त्याने. म्हणाला, भंगारात घालवत नाही. सगळं घर जुन्या पाट्यांचंच आहे.

सून : नेमकं छत्र्यांमधूनच गळतंय.

सासरे : हसा आता.

सून : आणि मागच्या कोपऱ्यात तुमची शाल आहे. ती तपकिरी. पार दमट झालीय.

सासरे : लोकरीची आहे. चांगली जाड.

तपासनीस : लोकर ओल धरून ठेवते. माणसाला शाल, कुत्र्याला पेंढा. पेंढ्यात ती खड्डा करून बसते, ओल खाली जाते आणि ऊब अडकून राहते. माझ्या गाडीत आहे एक गठ्ठा. ताई, आणखी काय जाणवतंय?

सून : वारं. सरळ तोंडावर येतंय. डोळ्यांतून पाणी काढलं त्याने. आणि समोर काही म्हणजे काही दिसत नाही. कुंपणाची भिंत, बस्स.

तपासनीस : हो, दार भिंतीकडे आहे. असं का केलं, काका? वारा तिकडूनच येतो. घराच्या बाजूला दार असतं तर चांगला आडोसा होता.

सासरे : बसवलं तसंच.

तपासनीस : अक्षराच्या सावलीची बाजू ठरवून काम करणारा माणूस दार 'तसंच' बसवत नाही.

सासरे : तुम्ही कुत्र्यांच्या तपासनीस आहात की माणसांच्या?

तपासनीस : कुत्रे काही लपवत नाहीत. त्यांच्या बाबतीत काम सोपं असतं.

सासरे : ...आधी दार घराकडेच होतं. ती माझी खिडकी. खिडकीच्या समोर. ती आत बसून माझ्याकडे बघायची. भुंकायची नाही, दारावर नखं मारायची नाही. नुसती बघायची. मी पेपर तोंडासमोर धरला तरी बघायची. पडदा ओढला, तर पडद्यातूनसुद्धा कळायचं मला. काय सांगणार होतो तिला? छकुलीचा श्वास अडकतो, हे तिला कसं समजावणार? मग एके दिवशी फिरवलं घर.

तपासनीस : म्हणून ती पायरीवर असते.

सासरे : पायरीवरून खिडकी दिसते.

सून : बाबा.

सासरे : ये आता बाहेर. गारठशील.

सून : आधी एक ऐका. पलीकडच्या काकूंना बोल लावू नका. तक्रार मी केली.

सासरे : काय म्हणालीस?

सून : मी फोन केला. कालच. दुपारी तुम्ही झोपला होता तेव्हा.

सासरे : बाहेर येऊन बोल.

सून : नाही, इथूनच बोलते. तुमचं तोंड दिसलं की माझं बंद होतं.

सासरे : माझ्याच घरावर... अगं, मला सांगायचं होतंस!

सून : काय सांगितलं असतं? आधी तिला बाहेर काढायला लावलं, आता तिचं घर कसं बांधायचं तेही शिकवते? तुम्ही राबून बांधलेलं. पाटीसाठी तर चार दिवस ब्रश धुऊन वाळवत होता. त्याला मी नावं ठेवायची? डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी तुम्ही 'बरं' म्हणालात. तिचं भांडं उचललंत, चटई उचललीत आणि बाहेर गेलात. चिडला असता, दोन शब्द बोलला असता, तर मीही काही बोलले असते. 'बरं'ला काय उत्तर देणार, बाबा?

सासरे : लेकराच्या श्वासापुढे मी काय वाद घालायचा?

सून : वाद नको होता. पण पहाटे मी दूध घ्यायला दार उघडते, तेव्हा ती पायरीवरून उठताना मला दिसते. मागचे पाय लवकर साथ देत नाहीत तिला. पुढच्या पायांवर ओढत उठते आणि तरी मला बघून शेपटी हलवते. मला! जिच्यामुळे बाहेर गेली तिला. रोज बघून दार लावून घेतेय मी. मग वाटलं, कुणीतरी तिसरं येऊन सांगू दे. तुम्ही तिसऱ्याचं ऐकाल.

सासरे : मी तुझ्यावर कधी रागावलो नव्हतो.

सून : मला कसं कळणार ते?

सासरे : ते सांगावं लागतं, हे मला कुठे ठाऊक होतं? माझ्या वतीने असलं सगळं तुझ्या सासूबाईच बोलायच्या.

तपासनीस : मी... पेंढा घेऊन येते गाडीतून. जरा वेळ लागेल. डिकी अडकते.

सासरे : ये आता. हात दे. अगं, केसांत जाळं आलंय कोळ्याचं.

सून : तोही राहत होता तिथे. त्याला पुरेसं वाटत असावं.

सासरे : टोमणे मारतेस?

सून : थोडेसे.

सासरे : मार. बरं वाटतं.

तपासनीस : हा पेंढा. आता विटा हव्यात, घर जमिनीपासून वर उचलायला.

सून : विटा पलीकडच्या काकूंकडे आहेत. अंगणात रचून ठेवल्यात.

सासरे : आत्ता तर तिच्या नावाने बोटं मोडली! कोणत्या तोंडाने मागू?

सून : त्यांना कुठे ऐकू गेलंय? आहे त्याच तोंडाने मागा.

तपासनीस : मागा, काका. आभाळ भरून आलंय. तोवर आम्ही शाल काढतो आणि मधे आडवी फळी लावतो. मागचा अर्धा भाग तिला झोपायला. पुढचा नुसता मोकळा राहू दे, वारा तिथेच अडेल. छताला आतून लाकूड मारायचं, म्हणजे पत्र्याचे थेंब अंगावर नाही पडणार. दाराला जाड कापड आहे का?

सासरे : कापडी फलक आहे एक जुना. रंगाचे थर चढून कातड्यासारखा झालाय.

तपासनीस : उत्तम. मधोमध चिरून पडदा करू.

सून : आणि दार?

तपासनीस : दार कुठे करायचं ते काकांनी सांगायचं. वाऱ्याचं म्हणाल, तर घराकडे.

सासरे : ...फिरवू. तुम्ही दोघी त्या टोकाला धरा. पाटीला बोट लावू नका फक्त. उचला! हां. अजून. खिडकीच्या रेषेत येऊ दे.

सून : असं?

सासरे : थोडं डावीकडे. हां, बस्स.

(सासरे पलीकडून विटा आणतात; तिघं मिळून घर विटांवर चढवतात, आत फळी, लाकूड आणि पेंढा घालतात, दाराला पडदा लावतात.)

तपासनीस : चिंधी बघतेय.

सासरे : चिंधे, ये. ये गं. आत जा.

तपासनीस : ढकलू नका तिला, काका. आत बोलवायचंही नाही. आपण बाजूला व्हायचं. ती हुंगेल, फेरी मारेल, परत पायरीवर जाईल. ठरवू दे तिचं तिला.

सासरे : मग तुम्ही लिहिणार काय? पुरेसा की नाही?

तपासनीस : आज काहीच लिहीत नाही. सकाळी येते, पाऊस पडून गेल्यावर. पेंढ्यात हात घालेन. कोरडा आणि कोमट लागला, तर पुरेसा.

सासरे : आणि तोवर तिला नेत नाही ना?

तपासनीस : तोवर ती तुमचीच. निघते मी. तुमची पाटी मात्र फार आवडली, काका. आमच्या ऑफिसवरची बघवत नाही.

सासरे : या कधीतरी घेऊन.

सून : बाबा, आत चला आता. पडायला लागला.

सासरे : तू हो पुढे. मी माझ्या खोलीत खिडकीशीच बसतो.

सून : खुर्ची ओढून देते. छकुली आतल्या खोलीतून विचारतेय, चिंधी गेली का घरात?

सासरे : मघाशी पडदा हलला. वाऱ्याने हलला की तिने, ते नाही कळलं. माझा चष्मा कुठंय?

सून : सरका, मी बघते. पायरीवर नाहीये. ...हो, गेलीय. पडद्याच्या फटीतून दिसतेय.

सासरे : बघतेय का इकडे?

सून : नाही. इकडे पाठ करून झोपलीय.

सासरे : पाठ करून?

सून : पेंढ्यात नाक खुपसून. पार वेटोळं झालंय. छकुलीला बोलावू का बघायला?

सासरे : बोलाव. पण हळू बोल.