डाव्या कोपऱ्यातला झाडू

चूक तुमची आहे, मामा. पहिलं ते मान्य करा, मग बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, इकडे बसा. उरणहून एसटीनं उभं राहून आलात, सगळं खरं. पण बटण कोणी दाबलं? मी? मी इथं पनवेलला, स्टँडमागच्या या खोलीत. तुम्ही तिकडे किशोरीच्या हळदीला, शंभर माणसांसमोर फोन स्पीकरला लावून बसलेले. बाप असून पोरीच्या मांडवात शोभा करून घेतलीत. अंगठा तुमचा, चूक तुमची.

आता ऐका. रोज पन्नास जण मला हेच विचारतात — हितेशभाऊ, तुमचं जुनं ‘वाजव’ ॲप चांगलं होतं, गाणी पटकन लागायची, बदललंत कशाला? त्यांना दोन ओळी लिहून पाठवतो, तुम्हाला तोंडानं सांगतोय, मामा म्हणून. जुन्या ‘वाजव’मध्ये खाली डाव्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा कप्पा होता. तिथं दाबलं की मामीच्या आवाजातले लग्नाचे धवले लागायचे. बरोबर? तुम्हाला वाचता येत नाही, तुम्ही जागा पाठ केलीत. अहो, जागा काय तुमच्या बापाची आहे? दसऱ्याला मी सगळं नवीन केलं. कप्पा वर नेला, कोपऱ्यात झाडू ठेवला. केशरी, एवढा मोठा. झाडू दिसला की माणूस काय करतो — गाणं ऐकतो? झाडतो. तुम्ही झाडलंत.

आधी झाडू ‘नक्की पुसू का?’ म्हणून विचारायचा. ते मीच काढलं. का काढलं? लोकांना प्रश्न आवडत नाहीत. आणि झाडू काय सगळंच नेत नाही — नाव दिलेली गाणी ठेवतो, बिननावाचं ते कचरा म्हणून नेतो. मामीच्या एकसष्ट धवल्यांतल्या एकाला तरी नाव दिलंत? किशोरी बी.कॉम. झाली, तिनं बसून घातली असती नावं. पण पोरीला सांगायची लाज. बायको गावोगावच्या मांडवात धवलारीण म्हणून जायची — नवऱ्यामुलाच्या सात पिढ्यांची नावं तिला तोंडपाठ, कुठलं कुठं गुंफायचं ते बरोबर कळायचं, तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नव्हती — आणि तुम्ही मांडवामागं पत्ते कुटत बसायचात. ती अंथरुणाला खिळल्यावर फोन घेऊन धावलात तिच्या तोंडासमोर. तोवर धाप लागत होती तिला.

कोपराच का? हां, आता आलात मुद्द्यावर. कारण अंगठा सवयीनं तिथंच जातो. झाडू दाबला की जाहिरात लागते, आणि पुण्याच्या ज्या कंपनीनं माझं ॲप घेतलं तिला दाबणं वाढवून हवं होतं. आठवड्यात तिप्पट करून दाखवलं मी. हो, माहीत होतं! आईच्या फोनवर लावून बघितलं होतं पहिल्याच दिवशी — तुमचीच बहीण, ॲप उघडल्याबरोबर झाडू दाबला. मी हसलो. तिच्या फोनात काही नव्हतं, म्हणून हसलो. तुमच्यासारखे किती असतील, ज्यांच्या फोनात काही असेल — तो विचार माझ्या कामात येत नाही. मी कॉलेज सोडलं तेव्हा चार माणसांत कोण म्हणालं होतं, ‘ह्याच्या हातून काय व्हायाचा नाय’? झालं ना? साठ हजार फोनांत माझा हात आहे आज. तुमच्याही.

रडू नका. रडून फाइल येत नाही. काय? — कोणाचा धवला? — माझा? माझं कुठं लग्न ठरलंय? — दवाखान्यात? शेवटच्या आठवड्यात? ...माझं नाव घालून? आजोबांचंही? मला का नाही सांगितलंत? — हळद लागायच्या आधी नवऱ्यानं ऐकायचा नसतो... कोण म्हणतं? ती म्हणाली. बरं. मग नवरीच्या नावाचं काय केलं तिनं? — तेवढी जागा गुणगुणून पुढं गेली.

फोन द्या इकडे. द्या म्हणतो ना! पुसल्यावर यात काही भरलंत? खरं सांगा, मामा. — रिकामा झाला म्हणून पिक्चर टाकून आणले? किती? — चार. दुकानातून. मग संपलं. त्या जागेवर दुसरं बसलं की कोणाला निघत नाही, मला पण नाही. थांबा — नाही, नाहीच. धरा.

निघा आता. उरणची गाडी लागली असेल. आईकडे जाऊ नका, तिला यातलं काही सांगू नका. जा म्हटलं ना.

मामीनं माझ्या नावाचा एकच धवला म्हटला होता. तो मी ऐकलेला नाही, आणि आता तो कुठंच नाही.