रविवारची बाई

मोद: पुढचं ऐक, आजी. ‘नायकाचा चेहरा मीठ न घातलेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा. पाचपैकी दोन तारे.’

फर्नांद: मग ते दोन तरी कशाचे?

मोद: शहराचे. ‘मॉन्ट्रियल मात्र हुबेहूब. रस्तादुरुस्तीचे नारिंगी खांबसुद्धा जागच्या जागी. नायक फोनवर बोट फिरवून पूल उघडतो, अख्ख्या वस्तीची वीज घालवतो, पण तो नारिंगी खांब काही त्याच्यानं हलत नाही.’

फर्नांद: हा माणूस इथलाच. आमच्या कोपऱ्यावरचा खांब तुझ्या आईच्या लग्नाच्या आधीपासून उभा आहे. आणखी वाच.

मोद: ‘गाडी चालवणं म्हणजे बर्फावर आंघोळीचा टब ढकलणं.’ पुढे नुसत्या शिव्या आहेत.

फर्नांद: वाच की. मी काही आज जन्मले नाही.

मोद: वेदी, पेला, प्रसादाचा डबा, पुन्हा वेदी, मग सगळं एकत्र.

फर्नांद: आपल्याकडच्या शिव्या म्हणजे चर्चमधल्या वस्तूच, आणि याचा क्रमसुद्धा चुकला नाही. चांगल्या घरचा आहे. लहानपणी पाद्रीबाबांच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय चर्चमधली एवढी भांडी पाठ होत नाहीत. आणि तुझ्याबद्दल काय म्हणतात? तीन वर्षं खपलीस या कॉम्प्युटरवरच्या खेळापायी, नाताळला जेवायलासुद्धा आली नाहीस.

मोद: माझं नाव कोण वाचतंय? मी रस्त्यावरच्या माणसांच्या ओळी लिहिल्या. नायकानं येणाऱ्याजाणाऱ्यावर फोन रोखला की त्या माणसाचं नाव आणि एका ओळीत त्याचं गुपित दिसतं. दोन हजार माणसं, दोन हजार गुपितं.

फर्नांद: म्हणजे दुसऱ्याचं चोरून ऐकायचं.

मोद: हो. तोच खेळ.

फर्नांद: मी चौदा वर्षं सेंट-ओदिलोंच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसले. कानाला हेडफोन, समोर एकशे दहा घरं. एका भोकातली दोरी काढून दुसऱ्यात खोचायची आणि गाव बोलू लागायचं. कोणाची गाय व्याली, कोणाची सून रडत माहेरी निघाली, खाटीक तेओद्यूल बाहेरगावी गेला की घरी फोन करून घोड्याशी बोलायचा, सगळं माझ्या कानातून जायचं. मला नाही कोणी तारे दिले.

मोद: दिलेत, आजी.

फर्नांद: काय दिलेत?

मोद: तारे. खाटीक तेओद्यूलला पुष्कळ दिलेत. ‘घोड्याशी फोनवर बोलणारा म्हातारा हा या खेळातला एकमेव जिवंत माणूस’ असं एकीनं लिहिलंय. पाद्रीबाबांची मोलकरीण वाइनमध्ये पाणी घालायची ना, तिचंही नाव झालंय.

फर्नांद: मोद.

मोद: ऐकून तर घे.

फर्नांद: ते मी तुला सांगितलं होतं. पुडिंग खाताना. तू नऊ वर्षांची होतीस.

मोद: पुडिंग खाताना, मटारचं सूप ढवळताना, काकडी चिरताना. वीस वर्षं सांगितलंस. मला सगळं पाठ आहे. आणि मला शुक्रवारपर्यंत दोन हजार ओळी द्यायच्या होत्या. शेवटच्या चाळीस सुचेनात. मग मी तुझ्या गावची माणसं घातली, तात्पुरती, नुसती जागा भरायला. आम्ही असं करतो. कच्ची ओळ टाकायची, तिच्यापुढे खूण करायची, नंतर ती काढून खरी घालायची.

फर्नांद: मग?

मोद: खूण करायला विसरले.

फर्नांद: आणि तपासणारा कोणी नव्हता? तीनशे माणसं कामाला आहेत म्हणतेस.

मोद: तपासलं ना. बाकीच्या ओळींपेक्षा याच बऱ्या होत्या, म्हणून कोणाला शंकाच आली नाही.

फर्नांद: मला बायबलवर हात ठेवायला लावला होता, ठाऊक आहे? अठरा वर्षांची होते. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला पाद्रीबाबा. ‘जे कानावर पडेल ते ओठांवर येणार नाही.’ जाऊ दे. तेओद्यूल गेला, त्याचा घोडा गेला, मोलकरीणही गेली. त्यांना काय फरक पडतो?

मोद: एक जण आहे अजून.

फर्नांद: कोण?

मोद: ओळ अशी आहे. ‘रोलांद बी., निवृत्त शिवणकाम शिक्षिका. दर रविवारी प्रार्थना आटोपली की सडबरीला ट्रंक कॉल लावते. पलीकडून कोणी हॅलो म्हटलं की ठेवून देते.’

फर्नांद: अगं, नाव तरी बदलायचंस!

मोद: आडनाव बदललं.

फर्नांद: या प्रांतात रोलांद उरल्यात किती? एक तर मातीखाली नाहीतर माझ्या जिन्याखाली! ती खालच्या मजल्यावर राहते, मोद. साठ वर्षं आम्ही एकमेकींच्या घरून न विचारता साखर नेतो.

मोद: म्हणून तर आले. लोक वेडे झालेत त्या बाईपायी. ‘रविवारची बाई’ म्हणतात तिला. नायकाला सोडून तिच्या मागं मागं फिरतात. एकानं लिहिलंय, ‘सव्वीस तास पाठलाग केला. बाई बाकावर बसते, फोन लावते, ठेवते, पाव घेऊन घरी जाते. हीच या खेळातली सगळ्यात अवघड कामगिरी आहे. उत्तर कुठं लपवलंय?’ उत्तर लपवलेलं नाहीच. मी लिहिलेलंच नाही.

फर्नांद: मग त्यांना सांगून टाका तसं.

मोद: आता कोण सांगणार! कोणी म्हणतं ती हेर आहे. कोणी म्हणतं खलनायकाची आई. एका प्राध्यापकानं लिहिलंय की ती एकटेपणाचं प्रतीक आहे. त्याला खाली तिघांनी वेदीपासून डब्यापर्यंत सगळं ऐकवलंय.

फर्नांद: बरं केलं.

मोद: आणि आमच्या सेबास्तियेंला, म्हणजे साहेबाला, आता तिच्यावर खेळाचं एक वेगळं प्रकरण काढायचंय. विकत घेऊन खेळायचं. पलीकडे कोण आहे ते शेवटी कळणार. लिहायचं मी. पहिल्यांदा माझं नाव वर येणार, आजी. उद्या दहाला त्याला सांगायचंय, पलीकडे कोण ते. नाहीतर ती ओळ काढून टाकायची आणि मी पुन्हा रस्त्यावरची माणसं लिहीत बसायचं.

फर्नांद: मग लिही काहीतरी. खलनायकाची आई लिही.

मोद: प्रयत्न केला. सगळं खोटं वाटतं. तुला खरं माहीत आहे.

फर्नांद: मला काही माहीत नाही.

मोद: कॉल तूच जोडायचीस.

फर्नांद: मी शपथ घेतली होती.

मोद: ती तू पुडिंगबरोबर खाल्लीस, आजी. अर्धी मला सांगितलीस. उरलेली अर्धीच शपथ कशी काय राहिली?

फर्नांद: अर्धी राहिली ती एका कारणानं राहिली. गप्प बस. आवाज ऐकू येतोय का?

(बाहेरच्या लोखंडी जिन्यावर काठीचा आवाज. दार उघडतं.)

रोलांद: बर्फ खरवडून टाकत जा गं त्या पायऱ्यांवरचा, फर्नांद. मी पडले तर तुझ्याशी भांडायला कोण येईल? मोद, बरं झालं तू आहेस. मला तुझ्या खेळाबद्दल माझं मत द्यायचंय.

मोद: तुम्ही... खेळ पाहिलात, रोलांदआजी?

रोलांद: पाहिला? खेळले. माझं कानातलं यंत्र नीट करतो ना तो दुकानवाला एतियेन, तो म्हणाला, मादाम, त्यात तुमच्या नावाची एक बाई आहे. दुपारभर त्याच्या दुकानात बसले. पहिल्या तासात तीन मोटारी नदीत घातल्या. एतियेन म्हणतो, नवशिकीच्या मानानं हात चांगला आहे.

फर्नांद: रोलांद, बस आधी. कॉफी टाकते.

रोलांद: कॉफी नंतर. तर माझं मत. एक, ते नारिंगी खांब उत्तम. दोन, तो नायक सारखा रडवेला का असतो? आमच्या गावात असा मुलगा असता तर त्याला लाकडं फोडायला पाठवलं असतं. तीन, त्या बाईला तुम्ही कमरेत वाकवलंय. मी वाकत नाही. काठी असली तरी ताठ चालते. आणि ती हिरवी टोपी मी जन्मात घातली नसती.

मोद: रोलांदआजी, चूक माझी आहे. आजीनं नाही...

रोलांद: चौथं आहे अजून. मी त्या बाईच्या मागं चार गल्ल्या गेले. तिला दम लागत नाही, मला मात्र बसल्या जागी लागला. ती बाकावर बसली, फोन लावला. एतियेन म्हणाला, मादाम, हे बटण दाबा, म्हणजे ऐकू येईल. दाबलं. कोणी हॅलो म्हणालं. बाईनं ठेवला. मग काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. एतियेन कंटाळला, जेवायला गेला. मी दाबतच राहिले.

फर्नांद: रोलांद, मी तिला सांगायला नको होतं. मी कबूल करते. म्हणशील ते...

रोलांद: तू तिला सांगितलंस त्याचा राग नाही मला. म्हणजे आहे, पण तो उद्यासाठी ठेवलाय. मला दुसरंच सुचलं तिथं बसल्याबसल्या. मी फोन ठेवला की माझ्या बाजूनं संपायचं. पण ट्रंक कॉल तुझ्या हातात असायचा. दोरी तू काढायचीस. ठेवल्यानंतरचं मी कधी ऐकलं नाही. तू ऐकलंस.

मोद: पलीकडे कोण होतं?

रोलांद: माझी बहीण गं. जिझेल. तिनं खाणीतल्या एका इंग्रजाशी लग्न केलं, तोही प्रॉटेस्टंट. बाबांनी तिचं नाव घरातून काढलं आणि आम्हा सगळ्यांना शपथ घातली, तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. मी बोलले नाही. औषधांच्या दुकानातल्या फोनच्या खोक्यात जायचे, तिचा हॅलो ऐकायचे आणि ठेवायचे. शपथ न बोलण्याची होती. न ऐकण्याची नव्हती.

मोद: किती वर्षं?

रोलांद: अकरा. मग ती गेली. न्यूमोनिया. दफनाला गेले मी, तेव्हाही बाबांना सांगितलं, आत्याकडे चाललेय. फर्नांद, मी तुला कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुझी शपथ मोडली असती, आणि तू सांगितलं असतंस तर पुढच्या रविवारी माझी. आता बाबा नाहीत, मॅनेजर नाही, एक्स्चेंजच्या जागी पिझ्झाचं दुकान झालंय. चाळीस लाख लोक विचारतायत म्हणे. मी पण त्यांतली एक. काय म्हणायची ती?

फर्नांद: मी एकवीस वर्षांची होते, रोलांद. ऑपरेटरनं एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायचा नाही, असा नियम होता. माझ्या आधी बोर्डावर बसणाऱ्या ओदेतला याच्यासाठीच कामावरून काढलं होतं.

रोलांद: मी नियम विचारला नाही.

फर्नांद: एक्स्चेंज बंद झालं तेव्हा ठरवलं होतं, आता सांगायचं. त्याच हिवाळ्यात ती गेली. मग वाटलं, आता सांगून तुला कशाला...

रोलांद: फर्नांद.

फर्नांद: तिला कळायचं तूच आहेस ते. पहिल्याच दिवशी कळलं. तू ठेवलास आणि ती म्हणाली, ऑपरेटर, तिला सर्दी झालीय का? तुझा श्वास जड येत होता. मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी म्हणाली, तिला सांगाल का, जरा जास्त वेळ धर म्हणावं. मी काही विचारणार नाही. तिला बोलावं लागणार नाही. नुसतं धर म्हणावं.

रोलांद: दर रविवारी?

फर्नांद: सुरुवातीचे सात-आठ. मग बोलायची थांबली. पण ठेवायची नाही. मी दोरी काढेपर्यंत तशीच असायची.

रोलांद: तू लगेच काढायचीस?

फर्नांद: बोर्डावर दुसऱ्या कोणाच्या कॉलचा दिवा लागला तरच. नाही लागला तर राहू द्यायचे. तिच्या घरात रेडिओ चालू असायचा. एकदा मूल रडत होतं. तिनं रिसीव्हर त्याच्याजवळ नेला. मला नाही, तुलाच ऐकवत होती, पण तिथं मीच होते.

रोलांद: म्हणजे तुम्ही दोघी बसायचात.

फर्नांद: बोलत नव्हतो काही.

रोलांद: आणि मी दुकानाबाहेर उभी राहून हातमोजे घालायचे. ते फार घट्ट होते. मला आठवतंय, घालायला बराच वेळ लागायचा.

फर्नांद: रोलांद, अगं, मला...

रोलांद: आता कॉफी टाक. दोन चमचे साखर. माझ्याकडची संपलीय.

मोद: रोलांदआजी, मी उद्या सेबास्तियेंला सांगते, पलीकडे कोणी नव्हतंच. प्रकरण होणार नाही. बाई आणि ओळ दोन्ही काढून टाकते. एका दिवसात होईल.

रोलांद: कोणी नव्हतं असं का सांगतेस? होतं, म्हणून सांग. कोण, ते सांगू नकोस. तो काय आमच्या घरचा आहे?

मोद: मग मला ते प्रकरण नाही देणार.

रोलांद: नाही देणार. तुझी आजी चौदा वर्षं बोर्डावर बसली, तिलाही कोणी वर चढवलं नाही. चांगलं लिहितेस तू. त्या खाटकाच्या घोड्याला मी दुकानात मोठ्यानं हसले.

मोद: आणि ती बाई? ठेवू की काढू?

रोलांद: राहू दे तिला. पाव आणू दे, बसू दे बाकावर. फक्त ती फोन ठेवायची फार घाई करते. तेवढी कमी करता येते का बघ.