तापलेला टीव्ही

हसू नका, पण ससा-कोल्ह्याच्या एका कार्टूनने मला पंधरा वर्षं छळलं होतं. लहानपणी कल्याणजवळच्या कोपर गावात आम्ही पोरं दर रविवारी शेजारच्या काकूंकडे कार्टून बघायला जायचो. शेवट आला की काकू टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायच्या, "तापला रे!" म्हणत बंद करायच्या आणि आम्हाला घरी पिटाळायच्या. एकदा तर कोल्हा विहिरीत दोरीला लटकलेला असतानाच टीव्ही बंद! माझ्या वहीत नोंद आहे: "कोल्ह्याचं काय झालं, कळलं नाही."

लग्नानंतर, नव्वदच्या दशकात, कल्याणच्या एका दुकानात त्याच भागाची कॅसेट मिळाली. धाकट्या लेकीला घेऊन बघायला बसलो, तर नेमक्या काकू भेटायला आल्या. कोल्हा दोरीला लटकला. काकू उठल्या, टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला आणि बटण दाबलं.

"काकू, अहो शेवट!" मी ओरडलोच.

"एवढं काय त्यात? दोरी तुटते, कोल्हा पाण्यात पडतो आणि ससाच त्याला बादलीतून वर काढतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अरे, तुम्ही पोरं जिना उतरलात की मी परत लावायचे. तुमच्या गोंगाटात मला ऐकू कुठं यायचं?"