उलटा आवळलेला बोल्ट

खोडाळ्याच्या गॅरेजात भारती स्कूटीचं पंक्चर निघायची वाट बघत होती. शेजारच्या गाडीखालून मेकॅनिक रोहिदास कडाडला.

"इंजिनाचं ऑइल काढायचा बोल्ट गोट्यासारखा गुळगुळीत केलाय! सोडवायचा सोडून कोणत्या शहाण्याने उलटा आवळला?"

"मीच," म्हातारे नवसूबाबा म्हणाले.

"पान्याला पाइप लावून?"

"लावला."

"बाबा, हा काय पहारीने दगड काढायचाय?"

"तेच म्हणतो मी," त्यांचा ठाण्याचा जावई हेमंत म्हणाला. "आमच्या सासऱ्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. निघाले ताकद दाखवायला!"

"चुकला माजा, जावईबापू."

"बाबा, तुम्ही कशाला..." हेमंतची बायको मंजुषा पुढे झाली.

"तू गप गं, पोरी."

"आता वर नट वेल्ड करून काढावा लागेल," रोहिदास म्हणाला. "पुन्हा गाडीला हात लावू नका, बाबा."

"मी लावू देईन तर ना!" हेमंत म्हणाला. "अडाणीपणा नुसता."

"अहो, तो हात खिशातून काढा," मंजुषा नवऱ्याला म्हणाली. "फडकं बांधते. बोल्ट बाबांनी आवळला, पण सालटी तुमच्या बोटांची निघालीत."