कागदी गाडीचं लायसन्स

हॅलो?... कोण? जरा मोठ्यानं... थांबा, सूप उकळतंय, गॅस बारीक करते. हं, बोला.

अगंबाई, तान मास्तर! ड्रायव्हिंग स्कूलचे!... हो हो, लुओची बायकोच. फोन त्याचाच, पण आता माझ्याकडे असतो.

काय, एकच तास राहिला?... म्हणजे उद्या तास भरले की परीक्षेची तारीख मिळणार... अहो ऐका ना, आधी सांगा, आज आला होता ना तो? दोन वाजता मेसेज आला मला. 'प्रशिक्षणार्थी लुओ गाडीत बसले.' आठवड्यातून दोनदा येतो मेसेज, वाट बघत असते मी.

बरं, चालवतो कशी?... छान? गाडी मागे घेऊन बरोबर चौकटीत लावतो? रेषेवर चाक जात नाही?... आणि दिसतो कसा? बारीक झालाय का?

नाही हो, थट्टा कसली... घरी? घरी कुठून असणार! मास्तर, तो गेला... कुठे काय, वारला! झोपेतच. उद्या एकोणपन्नासावा दिवस. उद्या जीव कायमचा निघतो.

हॅलो?... काय पडलं? थर्मास?... पाय भाजला नाही ना?

अहो, मी नाही घाबरले. सातव्या दिवशी जीव घरी येतो म्हणून ताट वाढून बसले होते, आणि दोनला पहिला मेसेज! आदल्याच दिवशी त्याच्यासाठी कागदी गाडी जाळली होती मी, जाळलेलं तिकडे त्याला पोचतं ना. चांगली चार दारांची, दुकानातली सगळ्यात मोठी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला... गाडी धाडली खरी, पण लायसन्स कुठाय? म्हणून बिचारा तास भरायला येतोय... नाही, लेकीला नाही सांगितलं. ती लांब, चेंगडू शहरात असते. आई खुळावली म्हणेल.

काय म्हणालात?... परत सांगा.

व्हिडिओ? त्याचा?

हं... हं... गाडीतलं हजेरीचं मशीन 'डोळे मिचकावा' म्हणालं की तुम्ही त्याचा व्हिडिओ समोर धरता... 'चाळीस वर्षं ट्रॅक्टर हाकला, मला कसले तास' म्हणाला? हो, त्याचंच बोलणं ते... व्हिडिओ स्वतःच काढून दिला? वर सॉसेजही दिले? माझे सॉसेज! तरी म्हटलं, टांगलेली माळ अर्धी कशी झाली.

म्हणजे... तो आलाच नाही. एकदाही.

नाही, तक्रार कशाला करू? तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं... काय? पुसता? खबरदार! अजिबात पुसायचा नाही तो! माझ्याकडे फोटो आहेत सगळे, हलताना एकही नाही.

केवढा आहे?... नऊ सेकंद. डोळे मिचकावतो, आणि?... मान हलवतो. लाजल्यासारखी?... हं. फोटो काढताना तसंच करायचा.

ऐका. उद्या दोनला मी येते. मागे बसेन. काच खाली ठेवा, एसी सोसत नाही त्याला... नियमात बसत नाही? आणि मेलेल्या माणसाचे तास बसतात?... हं. मग.

तास संपला की मशीन काय म्हणतं?... 'प्रशिक्षण पूर्ण, कृपया उतरा.' बरं.

ते म्हणालं की तुम्ही मोठ्यानं सांगा... लुओ, पास झालास, जा आता... नाही, मी नाही, तुम्हीच. तुम्ही मास्तर. माझं त्यानं जन्मात कधी ऐकलंय?

ठेवते.