लाल पाण्यातला मणी

नाई, पाणी नको इहीनबाई, मोटारीच्या अड्ड्यावर पेली आत्ताच — तुमी बसा ना, उभ्या काहून? तर मी काय सांगत व्हती — मणी सापडला. हा पाहा, घ्या हातात. सुभद्राच्या मंगळसुत्राच्या पोतीतला सोन्याचा, सक्रातीपासून ज्याच्यापायी येवढी बोंबाबोंब झाली, तोच. जवारीच्या कोठीत सापडला, पार तळाशी. दळण काढता काढता पोत तुटली असन, मणी पडला असन, झालं. कोणाचाच दोष नाई याच्यात. म्हणून म्हटलं, आपण सोता जावं अन् सुनेले घरी आणावं. शेंदूरजन्याहून काल निघाली मी, अमरावतीले लेकाच्या खोलीवर थांबली, सकाळी गाडीनं अकोला अन् तिथून मोटारीनं इथं बाळापूरले. जावई? चंद्रभान आला ना. अड्ड्यावर बसला हाय. तू एकटीच जाय म्हणे माय, मी येत नाई. — तसा तो लहानपणापासून लाजरा. संत्री आणली टोपलंभर, मृगाच्या बहाराची. खाऊन पाहा, गोड हायेत.

लहान? काय लहान, मणी? — नाई हो, तोच हाय. कोठीत पडून पडून झिजला असन. — आता दाण्यात सोनं झिजते का, मले बी समजते. लग्नात तुमीच दोन्ही मणी हातावर घेऊन पाहिले व्हते, तुमच्या नजरेपुढं खोटं कसं टिकन. बरं, कोठीत नाई सापडला. सांगतो, पण हळू बोला, पोरगी आत भाकरी थापून राहिली ना? तिनं ऐकावं असं नाई हे. म्हणजे — तिले माहीतच हाय बंदं, सारं काई. तिच्या तोंडून तुमाले कळलं नाई, हेच नवल. इथं बी एक शब्द बोलली नाई ते? माय वं.

मणी तिनंच काढून देला व्हता. कोणाले? नवऱ्याले. चंद्रभान अमरावतीच्या कालेजात रसायन शिकते, तिथल्या साहेबानं पोट्ट्याइले सांगितलं व्हतं का सोन्याचं लाल पाणी करता येते, पण करून पाहाले सोनं कोण देते? याले वाटलं आपण करून दाखवावं. सुभद्रानं पोतीतला एक मणी उसवला अन् म्हणे घ्या. मायले सांगू नको म्हणे तो, ते घर डोक्यावर घेईन. — घेतलंच असतं, खोटं काहून बोलू. मंग त्यानं दोन तेजाबं एक करून तो मणी त्याच्यात इरघळवला, पाण्यात टाकून लिंबाच्या सतासंग उकळला, अन् पाणी लाल झालं. असं लाल, इहीनबाई, का पलीकडचं दिसते त्याच्यातून, गाळ नाई, काई नाई. हे बंदं मले मागून कळलं. सक्रातीच्या हळदीकुंकवाले पाटलीणबाईनं पोत पाहिली, म्हणे दुसरा मणी कुठं गेला वं? पोरगी खाली पाहे. अन् मी — मी काय म्हटलं ते कोणी सांगितलं का तुमाले? नसन सांगितलं. म्या म्हटलं तिनंच बाळापूरले पोचवला असन, भावाच्या घरी. म्हणजे तुमच्या घरी. येवढ्या बायाइत म्हटलं. तिनं वाण तसंच ठेवलं खाली, अन् दुसऱ्या दिवशी निघून आली तुमच्याकडं. हे सांगाचं नव्हतं मले, संत्री देऊन पोरीले न्यायचं व्हतं.

पुढं काय — पुढं चंद्रभान आला बरणी घेऊन. मणी याच्यात हाय म्हणे माय. मले हसू आलं, बायकोची चोरी झाकाले हा शरबत घेऊन आला. तर तो बसून समजावे — सोनं पिवळं दिसते ते त्याचा गोळा असते म्हणून. डोळ्याले दिसणार नाई इतके बारीक कण केले का तेच सोनं लाल दिसते, अन् ते कण एकमेकाले बिलगले का निळं पडते. सोनं सोनंच राहते म्हणे, लहान झालं का त्याची वागणूक बदलते. मीठ पडू देऊ नको याच्यात, बंदे कण बिलगून खाली बसतीन, सोमवारी साहेबाले दाखवाचं हाय. — रात्री तो झोपला, तशी मी उठली अन् मूठभर मीठ टाकलं बरणीत. काहून? खोटं पकडाले. रंगाचं पाणी असन तर लालच राहीन, येवढं समजलं व्हतं मले त्याच्याच बोलण्यावरून. अन् ते माह्या डोळ्यापुढं जांभळं झालं, मंग निळं. सकाळी पाहतो तर वर साधं पाणी अन् खाली काळा गाळ, चिमटीभर बी नाई. वाटीच्या बुडानं घासला — पिवळा चमकला. सोनंच व्हतं, बाई. तिथंच बसली मी चुलीपुढं. पोरानं बरणी पाहिली, तशीच ठेवली अन् पिशवी घेऊन अमरावतीले निघून गेला. शिव्या देल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मंग म्याच तो गाळ फडक्यात बांधून वरूडच्या सोनाराकडं नेला, आटवला, मणी करून घेतला. थोडं सोनं गेलं मधात, म्हणून लहान. अन् येवढं होऊन बी कोठीचं खोटं घेऊन तुमच्या दारात आली मी. सोताचं थोबाड फोडून घ्यावं वाटते. — थापणं थांबलं वाटते आत. ऐकलं तिनं.

काय म्हणता? त्याच बायाइपुढं सांगू? इहीनबाई, इथं तुमच्या पाया पडतो, म्हणान तर सुनेच्या पडतो, पण तिथं सांगाले नका लावू मले. रोज त्याइच्यासंग विहिरीवर पाणी भरा लागते, जल्मभर तोंडावर फेकतीन त्या. — हो. तिले बी त्याइच्यासंगच भरा लागन. चोर म्हणून. बरोबर हाय तुमचं.

आली का वं सुभद्रे. ये. घे मायच्या हातातून तुहा मणी, ओव पोतीत. — घे ना. — त्याले देऊ? चंद्रभानले? पुन्यांदा इरघळवाले? अवं, तो सोमवार तर गेला, साहेब आता पाहीन का — पाहीन म्हणतं तू? बरं, देतो. पण एका मण्याची पोत घालून घरी येशीन तू, दर बाई इचारन दुसरा कुठं गेला. काय सांगशीन त्याइले?

— मी? दर बाईले मीच सांगू?

बरं, सांगतो. पाटलीणबाईपासूनच सुरू करतो.

द्या इकडं मणी, इहीनबाई, अड्ड्यावर नेऊन देतो त्याले.